बॅटरी नवी, तरी सेल्फ ‘टक्’ करून गप्प: माझा अनुभव

ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे गाडी सुरू झाली नाही की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘थंडीत बॅटरी जातेच.’ त्यात तथ्य आहे. थंडीत बॅटरीचा जोर घटतो आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. पण न तपासता बॅटरी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. शहराच्या लष्कर भागातल्या एका गॅरेजात मला नवी बॅटरी बसवून दिली. दुसऱ्या पहाटे किल्ली फिरवली, पुन्हा एकच ‘टक्’. मग सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उतरवायची भाषा सुरू झाली. व्होल्ट मोजायचा मीटर कुणी लावलाच नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही.

मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. आता कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. माझ्याकडे तो ११.८ वरच थांबला. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, करंट वाटेत अडत होता.

मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा किल्ली फिरवली. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त येता कामा नये. आले ५.६! बारातले जवळजवळ निम्मे व्होल्ट अर्थिंगच्या (बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिनच्या धातूला जोडणाऱ्या) वायरीतच संपत होते.

हेडलाइट मात्र लख्ख, हॉर्न खणखणीत. फसगत इथेच होते. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल तर ०.०२ ओहमचा अडथळाही ३ व्होल्ट खातो; दिव्यांच्या १० अँपिअरला त्याच अडथळ्यात फक्त ०.२ व्होल्ट जातात. म्हणूनच ओहमवर बीप आला की वायर ठीक, असं समजू नका. तपासणी लोड असतानाच, म्हणजे सेल्फ करंट ओढत असतानाच करायची.

मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या बोल्टला लावा. सेल्फ झटकन फिरला तर दोष अर्थिंगचा, वाद संपला. हे सगळं करण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा.

गिअरबॉक्सवरचा अर्थिंगचा बोल्ट खोलला तेव्हा लगच्या (वायरीच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट भुकटीचा थर होता आणि तांब्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या. लग आणि गिअरबॉक्सवरची बैठक एमरी पेपरने चकचकीत केली, बोल्ट घट्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, जोडताना शेवटी जोडा. तारा आतून काळ्या असतील तर वायरच बदला, घासून फार दिवस निघत नाहीत.

सेल्फ जोमाने फिरतोय पण इंजिन पेटत नाही, हा प्रकार वेगळा. तिथे किल्ली ऑन करताच गाडीतल्या पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण येते का ऐका. सेल्फ मात्र सलग १० सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका, तो तापतो.

बोल्ट आवळल्यावर पुन्हा मीटर लावला: ०.१. जुनी बॅटरी चार्ज करून जोडली, तीही चालली.