पाणी खाणाऱ्या गाड्या आणि आमची वाटचाल

जालन्यात रेडिएटरचं काम सुरू केलं तेव्हा दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, गॅसची बत्ती, कथील, तेजाब आणि पाण्याचा हौद. गाड्यांच्या रेडिएटरला तांब्या-पितळेच्या जाळ्या असायच्या. जाळी उतरवायची, तोंडं बंद करून हवा भरायची, हौदात बुडवायची, बुडबुडा निघेल तिथं डाग द्यायचा, म्हणजे कथील वितळवून भोक बुजवायचं. हे सगळं मी तेव्हाच्या औरंगाबादला एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो. डाग कुणीही देईल, आधी गळती सापडली पाहिजे, असं ते रोज बजावायचे. आमचं दुकान आजवर त्याच एका गोष्टीवर चाललंय.

पहिली दोन-तीन वर्षं जेमतेम गेली. मग 2012-13 चा दुष्काळ पडला. गावोगावी, तांड्या-वस्त्यांवर पाणी पोहोचवणारे टँकर दिवसरात्र पळत होते आणि तापून आमच्या दारात येत होते. वरची टाकी उघडली की नळ्यांच्या तोंडाशी पांढरा, दगडासारखा थर. काही नळ्यांत तर पट्टीसुद्धा शिरायची नाही. खोल बोअरचं जड पाणी टँकरमध्ये भरायचं आणि तेच रेडिएटरमध्ये ओतायचं, असा प्रकार होता. जाळी कुठं फुटलेली नव्हती, पण पाणी फिरायला वाटच उरली नव्हती. तेव्हापासून बोअरचं पाणी आमच्याकडं कुठल्याच इंजिनात जात नाही. कुलंट, म्हणजे पाणी गोठू न देणारं आणि गंज रोखणारं द्रव, आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा कंपनीचं तयार मिश्रण.

यावर ड्रायव्हर मंडळींचा ठरलेला सवाल असतो, "भाऊ, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?" बर्फासाठी नाहीच ते. कुलंटमधली औषधं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम खाऊ देत नाहीत, हे त्याचं आपल्याकडचं खरं काम. जड गाडीत लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि हळूहळू टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. मग पाणी थेट ऑइलमध्ये. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनाचा असा लायनर मी काउंटरवर ठेवलाय. बोलण्यापेक्षा तो हातात दिला की लवकर पटतं. ही औषधं कालांतराने संपतात, त्यामुळं मुदतीत कुलंट बदलणं आलंच. रंगावर मात्र जाऊ नका. हिरवं-गुलाबी हा नुसता रंग आहे, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घाला.

हळदीबद्दलही बोललं पाहिजे. रस्त्यात जाळी गळाली की ढाब्यावरून मूठभर हळद आणून टाकायची, ही जुनी युक्ती. गळती थांबते, गाव गाठता येतं, हे मी नाकारत नाही. पण ती हळद बारीक नळ्यांमध्ये बसते आणि पुढच्याच घाटात काटा लालवर जातो. हळद टाकली असेल तर आल्या आल्या सांगा, आम्ही आधी सगळी सिस्टीम धुऊन काढतो.

2017 ला देशभर गाड्यांच्या धुराचा बीएस-4 नियम आला, 2020 ला बीएस-6. या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या. तिथं आमचं कथील चालेना. या धंद्यात आता राम नाही, असं सांगणारे खूप भेटले. आम्ही प्रेशर टेस्टर, म्हणजे हवेचा दाब देऊन गळती दाखवणारा पंप, घेतला, टाकीची रबर गॅस्केटं ठेवायला लागलो, पोरांना शिकवलं. माझ्या मते दुकानासाठी घेतलेला तो सगळ्यात चांगला निर्णय.

त्याच टेस्टरमुळं सळई वाहणारी एक गाडी आजही लक्षात आहे. रोज पाणी खायची, खाली मात्र थेंब नाही. एका ठिकाणी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलायला सांगितलेलं. मालक हबकून गेला होता. आम्ही थंड इंजिनावर पंप लावला आणि काटा बघत बसलो. काटा हळूहळू उतरत होता, म्हणजे पाणी जात होतं हे नक्की. होजच्या क्लिपा कोरड्या. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालचं बारीक छिद्रही कोरडं. ऑइल काळंच, दुधाळ नाही. शेवटी ईजीआर कूलरचा, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर पाण्यानं गार करणाऱ्या भागाचा, धुराकडचा पाइप सोडला, तर आतून ओला! कूलर फुटला होता, पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जात होतं. कूलर बदलला. हेडला हातही लावावा लागला नाही.

सगळंच इतकं अवघड नसतं. कितीतरी गाड्या नुसत्या रेडिएटरच्या झाकणामुळं उकळतात. झाकण दाब धरून ठेवतं, साधारण एक बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब जातो आणि शंभरीतच पाणी बाहेर. हेच झाकण तापलेल्या गाडीवर उघडू नका, उकळता फवारा तोंडावर येतो. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

समृद्धी महामार्ग जालन्यातून जायला लागल्यापासून गाड्या न थांबता लांब पळतात. पूर्वी ढाब्या-ढाब्यावर बॉनेटखाली नजर जायची, आता बारीक गळती मोठी होईपर्यंत कळतच नाही. त्यात कापसाचा तंतू आणि उसाचं पाचट. ते इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गार करणारी पुढची जाळी, आणि रेडिएटरच्या जाळीच्या मधल्या फटीत गोधडीसारखं बसतं, पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. दोन्ही वेगळे करून इंजिनाच्या बाजूनं बाहेर, कमी दाबानं पाणी मारावं लागतं. जोराचा फवारा मारला की जाळीच्या पातळ पत्त्या वाकून झोपतात.

आता अंबड-घनसावंगीकडच्या ऊसवाहतूकदारांच्या गाड्या गाळप सुरू व्हायच्या आधी आमच्याकडं तपासायला येतात. दसऱ्यानंतर गर्दी होते, तेव्हा त्याआधीच आणलेली बरी. थंड इंजिनावरच तपासणी करतो, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा आणि वाटेत पाणी टाकलं असेल तर किती टाकलं ते ड्रायव्हरला सांगायला लावा.