तेल वर येतंय

घर विकायचं ठरवलं ते आईच्या गुडघ्यांनी. डोंबिवली पूर्वेला आमची तळमजला अधिक तीन अशी इमारत, १९८४ सालची. लिफ्ट नाही, कारण तेव्हा कुणाचेच गुडघे दुखत नव्हते. आम्ही तिसऱ्यावर, म्हणजे ५४ पायऱ्या. बाबा गेल्यावर दोन वर्षं आई त्या एकटी चढली. मग एक दिवस पहिल्या मजल्याच्या पायरीवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली शेजारच्या काकूंना दिसली, आणि ‘मी इथेच बरी आहे’ हे पालुपद बंद झालं.

एजंट आला. वय तिशीच्या आत, हातात दोन फोन. ४८० फूट कार्पेटच्या आमच्या घराचं त्याने एका दमात ‘टॉप फ्लोअर, हवेशीर, स्टेशनपासून सात मिनिटं’ करून टाकलं. सात मिनिटं खरी आहेत, पण ती ८.१४ पकडायला निघालेल्या बाबांची. आईला वीस लागतात, आणि वाटेत कोथिंबिरीचा भाव विचारत आली तर पाऊण तास. टॉप फ्लोअर म्हणजे डोक्यावर गच्ची, आणि गच्ची म्हणजे मे महिन्यात भाजणं नि जुलैत ठिबकणं. एजंटला ते न सांगता कळलं. “मॅडम, दाखवायचं काम होळीच्या आत उरकू. पावसात घर दाखवू नये.” इथे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची उपमा कुणीही देईल. मी देत नाही. मुलगी निदान उलटा प्रश्न विचारू शकते.

न्यू जर्सीहून भावाचा व्हिडिओ कॉल. “ताई, इकडे याला स्टेजिंग म्हणतात. घरातले फोटो काढायचे, देवबिव काढायचे, निम्मं फर्निचर हलवायचं. येणाऱ्याला ते घर स्वतःचं वाटायला हवं. आणि त्या दिवशी कुकीज भाजायच्या, घरभर वास सुटतो.” आई बाजूला शेंगा सोलत होती. “देव काढायचे?” एवढंच म्हणाली. एजंटचं मत नेमकं उलट निघालं. “देव राहू देत काकू, ईशान्येला आहेत. तोच आपला प्लस पॉइंट.” कुकीजचा मुद्दा मात्र आईने उचलला. कुणी यायचं असलं की अर्धा तास आधी बेसन भाजायला घ्यायचं, असं ठरलं. सुकट मात्र घर जाईपर्यंत बंद. घर सोडण्याबद्दल ती एवढी बोलली नव्हती, जेवढी सुकटीबद्दल बोलली.

मग माळा. आमच्या माळ्यावर काय नव्हतं! नावं कोरलेले स्टीलचे डबे, ज्यांवर आईचं नाव तीन वेगवेगळ्या भांडेवाल्यांनी तीन प्रकारे लिहिलंय. पिना संपलेला प्रायमस. थर्माकोलचं गणपतीचं मखर, २०१८च्या बंदीपासून गुन्हेगारासारखं चादरीत लपवलेलं. माळा रिकामा केल्यावर घर किती मोठं आहे ते पहिल्यांदा दिसलं, आणि मला थोडा रागच आला. चाळीस वर्षं आम्ही या घराच्या तीन चतुर्थांश भागातच राहिलो होतो. मोडकी खिडकी नीट बसवली, टपकणारा नळ बदलला, बेसिनखाली दिवा लावला. हे सगळं बाबा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायचे. पुढचा महिना दुसऱ्या कुणासाठी तरी उगवला.

आणि रंग. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर, जमिनीपासून साडेतीनेक फुटांवर, बशीएवढा एक डाग होता. मध्ये गडद तपकिरी, कडेला चहाच्या रंगाचा. बाबा रोज सकाळी डोक्याला खोबरेल चोपडायचे आणि संध्याकाळी साडेसातला लोकलमधून आले, की चपला काढून त्या भिंतीला टेकवलेल्या बाकड्यावर बसून डोकं मागे टाकायचे. डोळे मिटलेले. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. भिंतीपलीकडे आई चहा टाकायची आणि गाळून होईपर्यंत हाक मारायची नाही. डाग त्या पाच मिनिटांचा. आम्ही तो कॅलेंडरने झाकायचो, पण बाबा बसायच्या आधी कॅलेंडर सरकवायचे.

पेंटरने लांबी भरली, प्रायमर मारला, मोतिया रंगाचा पहिला हात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत बघितली तर डाग जागच्या जागी. जरा फिकट, पण तोच. दुसरा हात. पुन्हा डाग. पेंटरने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, “तेल है मॅडम, ये ऊपर आयेगा.” पाण्यातला रंग तेलावर धरत नाही म्हणे. मग खरवडून ऑइल प्रायमर आणि त्यावर तिसरा हात. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभी राहायची आणि म्हणायची, “आलंय का वर?” तिला नक्की कुठलं उत्तर हवं होतं, मला कळेना.

लोक येऊ लागले. एकांनी मोबाइलवर होकायंत्र काढून स्वयंपाकघरात तीन प्रदक्षिणा घातल्या. एकांनी सगळे नळ एकदम सोडून दाब बघितला. एक गृहस्थ फक्त छताकडे बघत राहिले. त्यांचं स्वतःचं घर वरच्या मजल्यावर असणार, ती नजर ओळखू येते. आईला खोटं बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. कुणी विचारलं, “पाणी भरतं का इथे?” एजंट “छे छे” म्हणेपर्यंत ती सांगून मोकळी: “२६ जुलैला जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. २००५च्या. आम्ही वरच होतो, आम्हाला काही नाही.” एजंटला खोकला आला. एका कुटुंबाने सहा लाडू खाल्ले आणि जाताना दोन लाख कमी करायला सांगितलं.

पण सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच. रिडेव्हलपमेंट कधी? इमारत जुनी आहे, म्हणजे पडणार, म्हणजे जास्तीची जागा मिळणार. मोतिया भिंतींकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ते आमच्या घरात उभं राहून, ते पाडल्यावर तिथे काय उभं राहील ते बघत होते. नवरीला नटवावं आणि पाहुण्यांनी पत्रिकेत वैधव्ययोग शोधावा, तसं झालं. (उपमा द्यायची नाही म्हटलं होतं, पण राहवलं नाही.)

अखेर ६२ लाखांना जमलं. तरुण जोडपं, दोघंही ठाण्याला नोकरीला. कागद काढले. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट: ५० रुपयांचे ५ शेअर, एकूण २५० रुपये, म्हणजे कागदोपत्री आमचं घर. मूळ करार पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. मुलगी ते पान हातात धरून हसतच सुटली. विक्रीच्या करारावर किमतीप्रमाणे मुद्रांक लागू झाला तो १० डिसेंबर १९८५पासून. बाबा त्याच्या आधी सुटले होते. यांना मात्र ७ टक्के. घर फक्त तिच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महिला म्हणून १ टक्का सवलत, म्हणजे ६२ हजार वाचतात. नवरा लगेच म्हणाला, “तुझ्याच नावावर घे.” आई माझ्या कानाशी कुजबुजली, “बघ. तेव्हा ही सवलत असती तर यांनीही घेतलं असतं.”

टोकन झाल्यावर आठवड्याने ते पुन्हा आले, मेजर टेप घेऊन, बरोबर एक कंत्राटदार. तो हॉलभर फिरला, बोटाच्या पेराने भिंती ठोकत ठोकत. मोतिया भिंतीपाशी थांबला. टक् टक्. मी नकळत साडेतीन फुटांवर नजर टाकली. तिसऱ्या हातानंतर डाग खरंच गेला होता, निदान तोवर तरी.

“ही काढता येईल ना?” मुलीने विचारलं. “आम्हाला ओपन किचन करायचंय.”

“आरामात. चार इंची आहे, वर बीमही नाही. एका दिवसाचं काम.”

आई लाडवांची ताटली घेऊन दारात उभी होती. तिने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा भिंतीपलीकडच्या ओट्याकडे. मग मला हळूच विचारलं, “पेंटरचे पैसे देऊन झाले?”

झाले होते. तिन्ही हातांचे.