‘काढायचे’ नाहीत, सारायचे!

आज दिवसभरात तीनदा कानावर आलं, ‘सुश्रुताच्या काळीही मोतीबिंदू काढायचे.’ नाही हो! गढूळ झालेलं भिंग (म्हणजेच मोतीबिंदू) डोळ्यातच राहायचं, फक्त बाहुलीसमोरून हटायचं.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागातली कृती मात्र वाचावी अशी. शलाका, म्हणजे टोचायची सळई, आठ अंगुळं, मध्ये दोरा गुंडाळलेला, टोक जवाच्या दाण्यासारखं. रुग्ण बसलेला, नजर स्वतःच्या नाकावर. डाव्या डोळ्याला उजवा हात, उजव्याला डावा. टोचायचं कानाकडच्या पांढऱ्या भागात, शिरा चुकवून. बारीक आवाज आणि पाण्याचा थेंब आला की जागा बरोबर. मग टोकाने खरवडायचं आणि दुसऱ्या बाजूची नाकपुडी दाबून रुग्णाने शिंकरायचं, कारण ग्रंथाच्या मते मोतीबिंदू म्हणजे कफ! दिसू लागलं की शलाका बाहेर, तूप, पट्टी, उताणं झोपणं. शिंक, खोकला, ढेकर बंद. हे पथ्य अचूकच, कारण सुटं भिंग धक्क्याने परत वर येतं.

बिघडायचं कुठे? भिंगाचं आवरण फाटलं की आत भयंकर सूज, नाहीतर दाब वाढून काचबिंदू. सगळं जमलं तरी बाहुलीसमोर भिंग नाही, म्हणून दहाएक नंबरचा जाड चष्मा लागणार, आणि तो तेव्हा कुठला! म्हणजे बोटं मोजता येतील, सुईत दोरा नाही.

भिंग ठरवून बाहेर काढलं फ्रान्सच्या झाक दाव्हिएलने, 1747 मध्ये. बुबुळाच्या खालच्या कडेला मोठा छेद, आवरण उघडून हलका दाब. टाके नाहीत, भूलही नाही. रुग्णाने डोळा आवळला की आतला काचरस (डोळ्यातला जेलीसारखा द्रव) बाहेर. डोळा बधिर करणारे कोकेनचे थेंब आले थेट 1884 मध्ये.