केदारताल : भीती नेमकी कोणत्या जागेची बाळगावी

उत्तराखंडात गंगोत्रीच्या वर असलेल्या केदारताल या तलावाला जाऊन आलेल्या ज्या ज्या मंडळींना आम्ही निघण्यापूर्वी विचारले, त्या प्रत्येकाने कड्यातल्या ‘स्पायडर वॉल’ या वाटेचे नाव घेऊन आम्हाला घाबरवले, भोजखरक आणि केदारखरक या दोन मुक्कामांमधल्या घसाऱ्यावर दुपारी दगड कोसळतात, हे मात्र एकानेही धड सांगितले नाही. २०२४च्या सप्टेंबरअखेर आम्ही पाच जण जाऊन आलो, आणि हा वृत्तांत मुख्यतः त्या चार किलोमीटरांविषयी आहे.

तत्पूर्वी पैशांचे सांगतो, कारण ती फसवणूक गंगोत्रीतच झाली. ज्यांच्याकडे नोंदणी केली होती, त्यांनी फोनवर ‘सामान खेचरावर जाईल’ असे निःसंदिग्धपणे सांगितले होते. या वाटेवर खेचरे चढतच नाहीत, सगळे सामान पोर्टरांच्या पाठीवरून जाते, आणि हे गंगोत्रीतल्या कोणत्याही चहावाल्याला ठाऊक असते. निघण्याच्या आदल्या रात्री आम्हाला प्रत्येक सॅकमागे साडेचार हजार रुपये जादा मागण्यात आले. उंचीवर कोणाच्या तरी भरवशावर राहायचे असल्याने आम्ही ते निमूटपणे दिले. त्यामुळे पोर्टर किती, एकाच्या पाठीवर किती वजन आणि त्याची मजुरी कोण देणार, हे आधीच लेखी घ्यावे. वनखात्याच्या परवान्याची पावतीही स्वतः पाहावी, कारण ही वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते आणि परवान्याशिवाय तिच्यावर पाऊल ठेवता येत नाही.

ऋषिकेश, उत्तरकाशी, हर्सिल हा प्रवास सुंदर आहे, एवढेच त्याविषयी पुरे. परतीसाठी एक दिवस मोकळा मात्र ठेवावा. ५ ऑगस्ट २०२५ रोजी याच रस्त्यावरच्या धराली गावात खीरगंगा या प्रवाहाच्या लोंढ्याने जे केले ते पाहिल्यावर या रस्त्याचे वेळापत्रक कोणी गृहीत धरू नये.

उंचीचा हिशेब आधी मांडतो. गंगोत्री सुमारे ३,०५० मीटरवर आहे, म्हणजे जिथून चालायला सुरुवात होते तीच जागा कळसूबाईच्या शिखराच्या जवळजवळ दुप्पट उंच आहे. पहिल्या मुक्कामाचे भोजखरक ३,७८० मीटरवर, दुसऱ्या मुक्कामाचे केदारखरक ४,२७० मीटरवर आणि तलाव ४,७५० मीटरवर. (‘खरक’ म्हणजे आपला खडक नव्हे, गुरे-मेंढ्या घेऊन थांबण्याच्या कुरणाला गढवालीत तसे म्हणतात.) तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि इथे पहिल्याच दिवशी सातशेहून अधिक मीटर वाढतात. म्हणून गंगोत्रीत दोन रात्री काढणे मी सक्तीचे मानतो. आमच्यातला सर्वांत दणकट गडी, जो सह्याद्रीत नेहमी पुढे धावतो, तोच भोजखरकला डोके धरून उलट्या करत बसला होता.

आता त्या बदनाम ‘स्पायडर वॉल’विषयी. भोजखरकच्या अलीकडे कड्याच्या पोटातून जाणारी ती एक अरुंद आडवी वाट आहे. कोरड्या हवेत, पायाखाली पाहत, सॅक कड्याला घासू न देता चालल्यास ज्याला सह्याद्रीतल्या कातळटप्प्यांची सवय आहे तो ती पार करतो. पाऊस पडून गेला असेल तर थांबावे. यापलीकडे तिची कीर्ती अवास्तव आहे.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. भोजखरक सोडल्यावर वाट केदारगंगा नदीच्या वर, मोकळ्या मातीच्या आणि सुट्या दगडांच्या तीव्र उतारावरून जाते. रात्री त्या मातीतले पाणी गोठते आणि दगड जागच्या जागी धरून ठेवते. उन्हाने ते वितळले की दगड सुटू लागतात, आणि वर भरल (हिमालयातल्या रानमेंढ्या) चरत असतील तर त्यांच्या खुरांनीही ते घरंगळतात. जाताना आम्ही साडेपाचला निघालो, एकही दगड हलला नाही, आणि म्हणूनच आम्ही गाफील झालो. आमच्या कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी तलाव पाहून थेट भोजखरकपर्यंत उतरणे होते. एक दिवस वाचवण्यासाठी आखलेला हा कार्यक्रम माणसाला त्या उतारावर नेमका भर दुपारी आणून सोडतो. केदारखरकचे तंबू सकाळीच गुंडाळून खाली पाठवलेले असल्याने आम्हाला मागे फिरण्याचीही सोय उरली नव्हती. दुपारी दोनच्या सुमारास ‘पत्थर!’ अशी आरोळी आली आणि नारळाएवढा एक दगड आम्हा दोघांच्या मधून, छातीच्या उंचीवरून उडत खाली गेला. पुढचा अर्धा तास गाइडने एकाला वर नजर लावून उभे केले आणि आम्हाला एकेक करून धावत पार करायला लावले. ४,००० मीटरवर धावणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच कळेल.

म्हणून माझे सांगणे स्पष्ट आहे: तलाव पाहून केदारखरकलाच दुसरी रात्र काढावी आणि हा उतार दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत ओलांडावा. असा कार्यक्रम द्यायला जो तयार नसेल, त्याच्याबरोबर जाऊ नये. हेल्मेट न्यावे, आमच्यापैकी एकाकडेही नव्हते.

तलावाचा दिवस दमवतो, पण फसवत नाही. केदारखरकपासून जवळजवळ पाच किलोमीटर मोरेनवरच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावरच्या, डुगडुगत्या धोंड्यांमधून चढत जायचे असते, आणि शेवटची धार ओलांडेपर्यंत पाण्याचा मागमूसही लागत नाही. मग एकदम हिरवट पाणी आणि त्यावर ६,९०४ मीटरचे थलय सागर शिखर उभे राहते. १९७९ मध्ये माणूस त्याच्या माथ्यावर प्रथम पोहोचला, हे त्याच्या भिंतीकडे पाहून खरे वाटत नाही. हलाहल प्राशन केल्यावर शंकराने इथलेच पाणी पिऊन घशाचा दाह शमवला, अशी कथा आमच्या पोर्टरने सांगितली आणि ओंजळभर पाणी पिऊन दाखवले. दहानंतर वारा सुटतो आणि पाण्यातले प्रतिबिंब मोडते, त्यामुळे पहाटे चारला निघावे. आम्ही पाऊण तास बसलो. मी तरी बूट काढून पाय पाण्यात घातले आणि ते लगेच बाहेर ओढले.