रिंगा गेल्यात म्हणे

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बॉनेटवर पसरला. बॉलपेननं चार सिलिंडरच्या कंप्रेशनचे, म्हणजे आतल्या दाबाचे (पीएसआय), आकडे लिहिलेले: ११५, ११०, ६०, ११२. खाली एकच ओळ, ‘रिंगा गेल्या, इंजिन फुल करावे लागेल.’ रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, आणि फुल म्हणजे अख्खं इंजिन खोलून नवं करणं. ओळीखाली खर्चाचा आकडा होता. तो इथं लिहीत नाही, पण वाचून माझ्याच पोटात गोळा आला.

गाडी १९६६ ची एमजीबी. दोन सीटची, उघड्या टपाची, इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला तयार झालेली. काकांनी ती तीस वर्षं सांभाळलीय, दर रविवारी पन्हाळ्याचा घाट चढवतात. वर्षभरापासून गाडी मिसिंग मारायला, म्हणजे मध्येच ठोका चुकवायला लागली, घाटात तिसऱ्या गिअरला दम सोडायला लागली. म्हणून मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या गॅरेजात नेली आणि तिथून हा कागद घेऊन ते कोल्हापुरात माझ्याकडं आले.

मी स्पोर्ट्स कारवाला मिस्त्री नाही. पण एमजीबीचं बॉनेट उघडलं की मला परकं वाटत नाही, कारण आमच्या आण्णांचं अख्खं आयुष्य अ‍ॅम्बेसेडर टॅक्सीखाली गेलं. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि हे १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ घराण्यातली. सख्खे चुलतभाऊ म्हणा. हिचा बोअर मोठा आणि दोन एसयू कार्बोरेटर, एवढाच डोळ्यांत भरणारा फरक. बाकी पुशरॉड, रॉकर सगळं ओळखीचं.

“काका, ऑइल किती खाती गाडी?”

“अजिबात नाही. दोन हजार किलोमीटरला डिपस्टिक खाली आली तर थोडं टाकतो.”

“मागनं निळा धूर?”

“छे.”

रिंगा गेलेलं इंजिन ऑइल पीत नाही आणि धूरही मारत नाही? मला तिथंच खटकलं. पण कागदावर आकडे होते, आणि आकड्याला तोंडानं खोटं कसं म्हणायचं?

“चेक केलं तेव्हा तुम्ही होता का तिथं?”

“होतो की. सीटवर मीच बसलेलो. ते म्हणाले चावी फिरवा, मी फिरवली.”

“पाय कुठं होता तुमचा?”

काकांनी जरा विचार केला. “ब्रेकवर.”

मला हसू आलं, पण दाबलं. मोठ्या माणसांपुढं हसायचं नसतं. कंप्रेशन गेज लावताना अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबलेला पाहिजे. थ्रॉटल बंद असला तर इंजिन हवा ओढणार कुठनं? हवाच आत आली नाही तर पिस्टन दाबणार काय? मग चारी आकडे पडके येतात आणि इंजिन म्हातारं झाल्यासारखं दिसतं.

इंजिन गरम करून घेतलं. काटा नेहमीच्या जागी आल्यावर चारी प्लग काढले, कॉइलची वायर सोडवली. एकच प्लग काढून गेज लावणारे बरेच आहेत, पण मग बाकीचे तीन सिलिंडर सेल्फला, म्हणजे स्टार्टरला, ओढून धरतात. बॅटरीला मदतीची केबल जोडताना मात्र मी दोनदा बघितलं. १९६६ च्या या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॉडीला प्लस. सवयीनं काळी वायर बॉडीला लावली की कार्यक्रम झाला. गॅरेजातल्या पोराला, बारक्याला, सीटवर बसवलं, अ‍ॅक्सिलेटर फरशीपर्यंत दाबायला सांगितला. प्रत्येक सिलिंडरला सहा-सहा दणके.

पहिला १५८. दुसरा १५२. तिसरा ८५. चौथा १५५.

काका गेजकडं बघतच राहिले. तीन सिलिंडर चांगले ठणठणीत. बारक्याला अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढायला लावून मी पहिला सिलिंडर परत बघितला, तर काटा ११८ वर अडकला. कागदावरचा आकडा जवळजवळ तोच.

तरी तिसरा आजारी होताच. त्यात एक चमचा ऑइल ओतून परत सेल्फ मारला. रिंगा घासल्या असतील तर ऑइल फटी बुजवतं आणि आकडा चांगला चढतो. इथं ८५ चे ९० झाले. शेजारच्या दुसऱ्याचा आकडा धडधाकट होता, म्हणजे दोघांमधलं हेड गॅस्केटही फुटलेलं नव्हतं. राहिले व्हॉल्व्ह, सिलिंडरच्या आत-बाहेर जायच्या वाटा उघडणाऱ्या झडपा.

यानंतर मला सगळ्यात आवडणारं काम. तिसरा पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात त्या जागी. गाडी चौथ्या गिअरला टाकून हँडब्रेक ओढला, नाहीतर हवेच्या दाबानं पिस्टन खाली जातो. मग प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडली आणि गॅरेजमधला रेडिओ बंद केला. ऑइल भरायच्या तोंडाला कान लावला, शांत. कार्बोरेटरला लावला, शांत. रेडिएटरमध्ये एक बुडबुडा नाही.

“दादा, हितं फुसफुसतंय,” सायलेन्सरच्या नळीशी वाकलेला बारक्या म्हणाला.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, जळका धूर बाहेर सोडणारा. काकांनाही वाकून ऐकायला लावलं. वयाच्या मानानं ते बरेच खाली वाकले आणि तिथंच बसून राहिले. हात पुढं करून तळव्यावर ती हवा घेत होते.

रॉकर कव्हर उघडलं. या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह, आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, बघायला नऊचा हिशोब. चौथा व्हॉल्व्ह पूर्ण दबला की पाचवा तपासायचा, तिसरा दबला की सहावा, दोन्हींची बेरीज नऊ आली पाहिजे. आण्णा हे पाढ्यासारखं म्हणायचे. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट म्हणजे पाचवा. तिथं पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीची, पत्ती जायला पाहिजे. पंधराची गेली नाही, आठची नाही, दोनचीही नाही. रॉकर व्हॉल्व्हवर चिकटून बसलेला, म्हणजे व्हॉल्व्ह कधीच पुरता बंद होत नव्हता.

मग सगळे आठ तपासले. चारही इनलेट, म्हणजे हवा आत घेणारे, पंधरा-सोळावर जागच्या जागी. एक्झॉस्टचे मात्र चारही आखडलेले: टोकाचे दोन अकरा-बारावर, दुसऱ्या सिलिंडरचा सहावर, तिसऱ्याचा शून्यावर. मधल्या दोघांना बाहेर जायला एकच सामाईक पोर्ट, तिथं उष्णता जास्त. इंजिननं सगळं स्वतःच सांगून टाकलं.

जुन्या पेट्रोलात शिसं असायचं. त्याचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची सीट, म्हणजे तो बंद होताना टेकतो ती कडा, यांच्यामध्ये उशीसारखं काम करायचा. आपल्याकडं १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेला ते चांगलंच झालं, माझी काही तक्रार नाही. पण या हेडात सीट वेगळी बसवलेली नसते, बिडातच कोरलेली असते. शिसं गेल्यावर तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या बिडाला चावत चावत आत रुततो. व्हॉल्व्ह वर सरकला की टॅपेट आखडतं. वर्षातनं एकदा कुणी पत्ती घातली असती तर वेळीच कळलं असतं.

टॅपेट पंधरावर बांधून परत गेज लावलं. तिसरा ८५ वरून १३२. एका पान्यानं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं.

“म्हणजे झालं?” काकांनी विचारलं.

झालं नव्हतं. सीट खचायची थांबणार नव्हती. हेड उतरवलं, तर तिसऱ्याची सीट वाटीसारखी खोल गेलेली आणि व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा जळका डाग. हेड उद्यमनगरात दिलं, चारही एक्झॉस्टला कडक पोलादाच्या सीटा दाबून बसवल्या, व्हॉल्व्ह नवे घातले. रिंगांना हात लावला नाही. सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे बोअर घासून तयार करतानाच्या, तिरप्या रेघा अजून दिसत होत्या.

दहाव्या दिवशी परत गेज काढलं. या वेळी काका म्हणाले, सीटवर मीच बसतो. १६२, १६०, १५८, १६२. तोच जुना कागद उलटा करून त्यांनी बॉनेटवर आकडे लिहून घेतले. मी सगळे प्लग बसवून, कॉइलची वायर जोडून हात पुसत आलो, तरी ते पुन्हा चावी धरून बसलेले.

“काका, आता पाय काढा. चालू झाली तर गरजून उठंल.”

“परत ब्रेकवर ठेवू काय?” म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले.