चांदणी मिळालेला 'व'

लहान गटाच्या वहीत लेकीला 'व'साठी चांदणी मिळाली आणि तिथेच आमचं घोडं अडलं.

त्याआधीचं सगळं सुरळीत होतं. जुन्या धूळपाटीसारखी ताटात चाळलेली वाळू, तिच्यात बोटाने गिरवायचं. क-ख-ग-घ या क्रमाने न जाता ग-म-भ-न, र-स-ख असे सारख्या वळणाचे गट घेतले, ते खेळता खेळता हाताला बसले. पुढचा गट व-ब-क.

शाळेच्या वहीत ठिपक्यांचा 'व' असायचा, रोज एक पान. पोरगी ठिपके जोडायची आणि पान बघणाऱ्याला 'व' अगदी नीट दिसायचा. मी शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं. ती आधी दांडा काढत होती, तोही खालून वर. मग पोट खालच्या टोकापासून उलटं वर नेत होती. ठिपके कुठूनही जोडले तरी आकार तोच येतो ना! ठिपके नसलेल्या कोऱ्या पाटीवर मात्र पोट एकीकडे आणि दांडा दुसरीकडे. पुढे 'ब' आणि 'क' याच पोटावर उभे राहणार, म्हणून मी धसका घेतला.

वाळूत बोट कुठून निघालं ते दिसतं, वहीत नाही. माझं सगळं भांडण एवढ्यावरच आहे.

मग जिथून सुटायचं तिथे वाळूत एक चिंचोका ठेवला. चिंचोका उचलायचा, तिथून निघून डावीकडे वळायचं, पोट करून परत यायचं, मग दांडा वरून खाली, डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी. तोंडाने "वळ, पोट, दांडा, रेघ" चालूच. हात सुलट फिरायला लागला, पण कागदावरचा 'व' बेढब झाला, कारण जुनी सवय मोडत होती. झालं! वहीत लाल शाईत शेरा आला, 'अक्षर सुधारा'. उलट्या 'व'ला चांदणी, सुलट्याला लाल शेरा. मी चिडले नसते तर नवल.

पालकसभेत ताईंना विचारलं. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, "मला कळतं हो, पण पान भरलेलं नसलं की बाकीचे पालकच विचारतात." यावर काय बोलणार? २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ३ ते ८ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा म्हणतं. ताराबाई मोडकांनी तर १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं. आणि आम्ही अजून पानं मोजतोय. शेवटी तडजोड झाली. अर्धं पान वहीत, बाकीचं वाळूत, आणि डायरीत माझी सही. सही करताना मला थोडा माज आला होता, हे खरं.

'क' पहिल्यांदा सुलट आला तो न्हाणीघराच्या फरशीवर, ओल्या ब्रशने.

आता आठवेल तसं सांगते. रवा वापरू नका, मुंग्या येतात आणि आजीचा जीव तुटतो. वाळूचा थर पातळ ठेवा, जाड थरात रेघ बुजते. ताटाचा तळ गडद असला की रेघ उठून दिसते. कणकेच्या वळ्यांची अक्षरं मुलांना फार आवडतात, पण त्यातून आकार कळतो, हाताची दिशा नाही. माँटेसरी पद्धतीतली खरखरीत अक्षरं, म्हणजे बोटाने गिरवायला पुठ्ठ्यावर चिकटवलेली, घरी करायची तर हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणा, पण बारीक दाण्याचा, म्हणजे मोठ्या नंबरचा. जाड दाण्याने बोटं सोलतात. अक्षर पेपरच्या मागच्या बाजूला काढून कापणार असाल तर उलटं काढा, नाहीतर 'ग' आरशातला निघतो. ते गिरवताना अंगठ्याशेजारची दोन बोटं एकत्र फिरवायला सांगा. आणि मूल लिहीत असताना पान बघू नका, हात बघा. ताईंनी वहीत आणखी ठिपके दिले तर सुटायच्या जागी लाल पेनाने एक ठळक ठिपका तुम्हीच काढून द्या.