पिवळा हायलायटर आणि २०० पानं

एमए हिस्टरीचं पहिलं सेमिस्टर सुरू झालं आणि दर आठवड्याला साधारण २०० पानं वाचायला यायला लागली, सगळी इंग्रजी, बारीक टाइप, आणि मी हौसेनं झेरॉक्सचा गठ्ठा अन् पिवळा हायलायटर घेऊन बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या घराच्या गॅलरीत बसायचे. दोन तासांनी बघावं तर पान सगळं पिवळं आणि डोकं रिकामं. आजी म्हणाली, "अगं, हळद लावतेयस का कागदाला?"

मग एकदा घड्याळ लावून बसले. असल्या इंग्रजीच्या एका पानाला मला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आठवड्याचे ८०० मिनिटं, तेरा तासांच्या वर! संध्याकाळी मी ट्यूशन्स घेते, त्यामुळे शब्द न शब्द वाचणं जमणारच नव्हतं, आणि हे कळल्यावर खरं सांगू, हायसंच वाटलं.

पण डोळे उघडले ते फजितीनं. १७९३ च्या कायमधारा या जमीनसाऱ्याच्या पद्धतीवरचा ४० पानी लेख दोनदा वाचून गेले होते. सरांनी विचारलं, लेखकाचं म्हणणं काय? मी सुरू, कॉर्नवॉलिस, बंगाल, जमीनदार, ठरलेला सारा... "हे शाळेच्या पुस्तकातही आहे," सर म्हणाले, "हा लेखक भांडतोय कोणाशी ते सांग." मी गप्प.

आता मी तेवढंच शोधते, भांडण कोणाशी आहे. पहिली आणि शेवटची तीन-तीन पानं नीट वाचायची, मधल्या परिच्छेदांच्या पहिल्या ओळी, आणि तळटीपा फक्त जिथे नाव घेऊन टोमणा मारलाय तिथल्या (इतिहासकार मनापासून भांडतात ते तिथेच). मग झेरॉक्स पालथी टाकायची आणि न बघता पाच ओळी लिहायच्या, त्याही मराठीत, कारण इंग्रजीत लिहिलं की मी त्याचीच वाक्यं उतरवते आणि समजलंय असं वाटत राहतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर हेच करून बघितलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. माझा सेमिनार आठवड्यानंच असतो!

मूळ कागदपत्रं, पत्रं, जाहीरनामे मात्र पूर्ण वाचते, तिथे शॉर्टकट नाही. त्यासाठी रविवारी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाते. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ही सगळी व्यवस्था लावून घेतली, आणि आपण तिथे बसून फोन बघतो, म्हणून फोन घरीच ठेवते.

तरी एखादा लेख राहतोच. या आठवड्यातला फ्रिजवर पडलाय, आजीनं त्यावर लोणच्याची बरणी ठेवली, तेलाचा गोल डाग पडलाय, तोही पिवळाच.